पंच्याखालची चार बोटं

मी सातवी शिकलेला माणूस आहे. लिहिण्याचा सराव फक्त सहीचा, आणि मधल्या काळात तीही जमेनाशी झाली होती. तरी हे लिहितो आहे. दवाखान्यातल्या बाकावर बसून नंबरची वाट बघताना मला माझ्यासारख्याच कुणी लिहिलेलं वाचायला हवं होतं, पण तिथं फक्त माहितीपत्रकं होती. त्यात मेंदूचं रंगीत चित्र होतं. चित्रातल्या माणसाला बायको नव्हती, मुलगा नव्हता आणि त्याचं कुणाशी भांडणही नव्हतं. माझं होतं.

धंदा

मी म्हशींचा हेडी. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवून देणारा. पैठण तालुक्यातल्या खेड्यातून तेराव्या वर्षी दुसऱ्यांच्या म्हशी हाकत पाचोडच्या बाजाराला जायला लागलो. आज चिकलठाण्यात स्वतःचं घर आहे, मुलगा वैभव पुण्यात इंजिनिअर आहे. हे मला कुणी दिलेलं नाही. जिभेवर आणि उजव्या हातावर मिळवलं.

उजव्या हाताचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जनावरांच्या बाजारात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघंजण हातात हात देतात, वरून पंचा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला काही दिसत नाही. सौदा चालू असताना पंचा उचलायचा नाही, हा नियम. आत काय झालं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. त्याला साक्षीदार नसतो.

सव्वीस वर्षं माझ्या पंच्याखालचा दुसरा हात रशीदभाईचा होता. दौलताबादचा. मी घेणाऱ्याकडून उभा राहायचो, तो विकणाऱ्याकडून. आमची बोटं इतकी सराईत होती की आम्ही दुसरीकडे बघत, विडी ओढत सौदा करायचो.

ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी पाचोडला एका मुऱ्हा म्हशीचा सौदा होता. रशीद मालकाशी बोलून आला, पंच्याखाली माझी बोटं धरली. मला तीन लागली. मी गिऱ्हाइकाच्या हातावर हात मारून सौदा पक्का केला. मग मालक म्हणाला, चारच्या खाली मी कबूलच नव्हतो. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर हसलं आणि निघून गेलं. सगळा बाजार बघत होता.

मी म्हणालो, “तीन धरली तू.”

“आप्पा, चार धरली. मेरेकू गिनती नै आती क्या?”

“पंच्याखाली कोण बघतंय, म्हणून आता चार म्हणतो व्हय?”

“छब्बीस साल हो गये अपने को. कभी एक उंगली इधर की उधर हुई?”

“तेच म्हणतो. सव्वीस वर्षांत किती वेळा झाली असंल, मला काय माहीत!”

 त्यानं खाली पडलेला माझा पंचा उचलला, झटकला, घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि निघून गेला.

नंतर दोन वर्षं मी ज्याला त्याला ही गोष्ट सांगितली. वैजापूरला सांगितली, जालन्याला सांगितली. चहाच्या टपरीवर नवीन माणूस भेटला तर त्याला पहिल्यापासून सांगितली. रशीदच्या पंच्याखाली कुणी हात देईनासं झालं, हे माझ्या कानावर आलं. मला बरं वाटलं. इथं खोटं लिहून उपयोग नाही.

मी त्याला वेगळ्या नावांनी हाक मारत होतो

आजार बराच काळ माझ्या घरात राहत होता. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, त्याला मी पित्त म्हणालो. शर्टाची बटणं लावताना उजवी बोटं चुकायची, त्याला वय म्हणालो. खिशातून चावी काढायला जावं तर हातात चुन्याची डबी यायची. बघितल्याशिवाय हाताला काय लागलंय ते कळायचं नाही. बँकेत सही जुळेना, तेव्हा खिडकीतल्या पोरीवर असा ओरडलो की वॉचमन आत आला. साध्या बेरजा चुकायला लागल्या.

शोभा, माझी बायको, म्हणायची, “अहो, एकदा डॉक्टरला दाखवा.”

मी म्हणायचो, “आधी तुझे गुडघे दाखव.”

मग एका सकाळी जेवताना हातातली भाकरी ताटात पडली आणि उजवा हात आपोआप नाचायला लागला. मी त्याच्याकडे बघत होतो. आपलाच हात दुसऱ्याच्या म्हशीसारखा उधळतो आहे आणि दावं आपल्याकडे नाही, असं वाटलं. त्यानंतरचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा नाकाला रबराचा वास होता. शेजाऱ्यानं चप्पल लावली होती, तोंडात चमचा घालायला गेला होता. माझा एक दात त्यात हलला.

वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, किती वेळ चालतंय ते घड्याळात बघा आणि लगेच दवाखाना गाठा. चप्पल, कांदा, चमचा, पाणी यातलं काही जवळ आणू नका.

डोळे मिटा, काका

जालना रोडवरच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्या वैभवच्या वयाच्या. मशीनमधली ठकठक अर्धा तास ऐकून मी त्यांच्यापुढं बसलो, शेजारी शोभा. मला वाटलं, आता फोटो दाखवतील. त्यांनी फोटो बाजूला ठेवला.

“डोळे मिटा, काका. हात टेबलावर. मी बोट धरते, कोणतं ते सांगायचं.”

मी मनात हसलो. जन्मभर हेच केलं होतं. डाव्या हाताचं सगळं बरोबर आलं. उजव्या हाताला मी म्हणालो, “मधलं.” त्या काही बोलल्या नाहीत. “करंगळी.” गप्प. “अंगठ्याशेजारचं.” परत गप्प. धंद्यात समोरचा असा गप्प बसला की मी सावध होतो.

“आता किती बोटं धरली आहेत?”

“तीन.”

“सावकाश सांगा.”

“तीन. बाई, चाळीस वर्षं हाच धंदा केलाय मी.”

“डोळे उघडा.”

उघडले. त्यांनी माझी चार बोटं धरलेली होती.

“तुम्ही बदललं!” माझा आवाज चढला. “मी डोळे उघडायच्या आत एक बोट वाढवलं तुम्ही!” बाहेरची नर्स दारात आली.

शोभा माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांनी नाय बदललं. मी बघत होते. पहिल्यापासून चारच होती.”

गाठ आहे हे मला पाच मिनिटांनी सांगितलं. पण माझ्या हिशेबी निदान त्या वाक्यात झालं. आजवर पंच्याखालच्या हाताला साक्षीदार नव्हता. आज मिळाला होता, आणि तो माझ्या बाजूनं बोलत नव्हता.

जात कोणती

फोटोत डाव्या बाजूला, कानाच्या वर, थोडी मागं, मोठ्या लिंबाएवढी पांढरी गाठ दिसत होती. मी विचारलं, “जात कोणती?” म्हशीचं विचारतो तसंच. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, सगळं त्यावरच अवलंबून आहे.

मला समजलं ते माझ्या भाषेत लिहितो. डोक्यातली गाठ म्हणजे एकच आजार नव्हे. काही गाठी मेंदूच्या स्वतःच्या पेशींतून उठतात. त्यांना बांध नसतो, चांगल्या मेंदूत मुळं घुसलेली असतात, म्हणून काढणाऱ्याला हद्द सापडत नाही. त्यातही संथ वाढणाऱ्या आणि झपाट्यानं वाढणाऱ्या अशा पायऱ्या आहेत. काही गाठी मेंदूच्या नसतातच, फुप्फुसातल्या किंवा स्तनातल्या कॅन्सरमधून तिथं येऊन बसलेल्या असतात. काही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत होतात. एमआरआयच्या रांगेत पाथर्डीचा एक माणूस होता, त्याचे पाय जड व्हायचे, लघवीचा ताबा गेला होता आणि तो वर्षभर पाठीला तेल चोळून घेत होता. माझी गाठ मेंदूभोवती जे आवरण असतं त्यातून आलेली दिसत होती. अशा गाठी बहुतेक वेळा संथ वाढतात, आत घुसत नाहीत, बाहेरून दाबतात. बोटं ओळखायची, आकडे जुळवायचे, लिहायचं, ती जागा नेमकी तिथंच होती.

मी म्हणालो, “म्हणजे साधी गाठ.”

“साधी म्हणू नका. कवटी ताणली जात नाही, काका. आत जागा तेवढीच. साधी गाठसुद्धा दाबून जीव घेते.”

“पण कॅन्सर नाय असं लिहून द्या.”

“तुकडा तपासल्याशिवाय मी लिहून देत नाही.”

यावर मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मीही दोन वेळा धार काढून बघितल्याशिवाय दुधाचा शब्द देत नाही.

मग मला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. “ही किती दिवसांची असंल?”

“नक्की सांगता येणार नाही. बरीच वर्षं असू शकते.”

“वर्ष धरा.”

“जास्त असेल.”

“दीड वर्ष. दोन तर नसंल?”

डॉक्टर बाईंना कळेना की हा माणूस गाठीचं वय का पाडतो आहे. शोभाला कळलं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “पुतणीच्या लग्नात तुमच्या कोटाची बटणं मी लावून दिली होती. हात चालंना म्हणाला होतात. ते लग्न तुमच्या भांडणाच्या महिनाभर आधीचं.”

मी रिक्षावाल्यावर ओरडलो, खड्डे बघून चालव म्हणून.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी सहा दिवस ठेवून घेतलं. सूज उतरवायचं औषध, झटक्याच्या गोळ्या, सकाळ संध्याकाळ डोळ्यांत बॅटरी. सहाला चहा, आठला पोहे, अकराला डॉक्टरांची फेरी, चार ते सहा भेटीची वेळ.

वॉर्डात चार खाटा. एक शिंपी होता, त्याची गाठ कानाच्या नसेवर. एका कानात शिट्टी वाजायची आणि चालताना तो भिंतीला धरायचा. एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याची मेंदूच्या तळाच्या ग्रंथीत. त्याला समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही, आणि चाळिशीत त्याचे बूट दोन नंबरांनी वाढले होते. माझ्या शेजारी जालना जिल्ह्यातले एक गुरुजी होते. त्यांची गाठ मेंदूच्या आतली, सगळ्यात वरच्या पायरीची. एक ऑपरेशन झालं होतं. त्यांचे शब्द हरवत चालले होते. रुमाल हवा असला की म्हणायचे, “ते… ते पांढरं.” त्यांची बायको एकेक वस्तू उचलून दाखवायची, “हे का? मग हे का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोठ्या कष्टानं विचारलं, “तुमची… कोणती?”

मी म्हणालो, “बाहेरची. आवरणाची.”

गुरुजींनी हात लांब करून माझं मनगट दाबलं. “छान,” म्हणाले. “छान.”

मला तोंड कुठं लपवावं कळेना. आयुष्यात माझ्या फायद्यावर मनापासून खूश झालेला हा दुसरा माणूस. पहिला रशीद होता.

एरवी माझा फोन सकाळी सहापासून वाजायचा, एक कानाला धरलेला आणि दुसरा हातात असायचा. वॉर्डात तो उशाशी पडून असायचा आणि मी मधूनमधून बघायचो, बंद तर पडला नाही ना. चार वाजले की दाराकडे तोंड करून बसायचो. ड्रायव्हरकडे त्याचं अख्खं गाव यायचं. माझ्याकडे एकदा बाजारातले तिघं आले, केळी आणली, दहा मिनिटं बसले. जाताना एकानं विचारलं, “आप्पा, बाजारात तुमच्या झाडाखालची जागा आता रिकामीच असती ना?” मी त्याला बाहेर हाकलला. केळी राहिली.

वैभव पुण्याहून आला. येताना लॅपटॉप घेऊन आला आणि कागदावर सह्या करून जिन्यात फोनवर बोलत बसला. मी म्हणालो, “बापापाशी बसायला वेळ नाय तुला.” तो शांतपणे म्हणाला, “आप्पा, तुम्ही कुणाला जवळ बसू दिलंय? बसलं की दोन मिनिटांत काहीतरी खुसपट काढता.” शोभा मध्ये पडली नाही. एरवी पडते.

मी वाट कुणाची बघत होतो हे मला माहीत होतं. शहरात दहा लोकांना माझी बातमी कळली होती, म्हणजे दौलताबादला पोचली असणार. मी ठरवलं होतं, रशीद आला तर सांगून टाकायचं. पण त्यानं यायला हवं. धंद्यात मी कधी पहिला आकडा बोललो नाही. समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत मी तासभर दात कोरत बसू शकतो. इथं सहा दिवस बसलो. तो आला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सगळे पाहुणे गेल्यावर मी ती गोष्ट गुरुजींना सांगितली. त्यांनाच का, तेही सांगतो. ते ती पुढं कुणाला सांगू शकणार नव्हते. मी असाच माणूस आहे. पण यावेळी गोष्ट वेगळी सांगितली. शेवटी म्हणालो, “गुरुजी, त्यानं चारच धरली असतील.”

मोठ्यानं हे पहिल्यांदाच बोललो. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, शब्द शोधत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “पाणी.” मी उठून पेला दिला. त्यांनी तो बाजूला सारला. तो शब्द नव्हता. परत प्रयत्न केला, मग डोळे मिटून घेतले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डातल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “गुरुजी गेले की हो.”

ऑपरेशन

याबद्दल मला थोडंच माहीत आहे, कारण मी झोपलेलो होतो. सकाळी न्हावी आला. गाठीच्या बाजूचेच केस काढतो म्हणाला. मी म्हणालो, अर्धवट काम चालणार नाही, सगळं काढ. तो म्हणाला, “डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय.” मी वाद घातला आणि जिंकलो. शोभा आत आली, माझं बोडकं डोकं बघितलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. एवढा वाद मी हरलो असतो तर बरं झालं असतं.

आत नेताना भीती वाटली का? वाटली. मरायची वाटली, त्याहून जास्त अर्धवट जगायची वाटली. दिव्याखाली आडवं केल्यावर एका नर्सनं हिरवं कापड माझ्या उजव्या हातावर टाकलं. मला पंचा आठवला. तेवढंच.

जाग आली तेव्हा घशात कोरड होती आणि डॉक्टर बाई विचारत होत्या, “नाव सांगा. गाव सांगा. माझा हात दाबा.” दाबला. त्या म्हणाल्या, बहुतेक सगळी निघाली, एका शिरेला चिकटलेला पापुद्रा ठेवलाय, त्याच्यावर फोटोतून लक्ष ठेवू. आठ दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला. पहिल्या पायरीची. कॅन्सर नाही. आता लिहून दिलं.

टाके काढायच्या दिवशी मी त्यांना आणखी एक सौदा सुचवला. “मॅडम, माझा स्वभाव तापट आहे. तो या गाठीमुळंच असंल ना?”

त्या म्हणाल्या, “कपाळामागच्या गाठींनी स्वभाव बदलतो, काका. शांत माणसं चिडकी होतात, बोलकी माणसं गप्प होतात. तुमची गाठ तिथं नव्हती.”

“थोडा तरी?”

“तुमचा राग तुमचाच आहे.”

शोभा हसली. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा हसली, म्हणून मी पुढं घासाघीस केली नाही.

ज्वारीचा डबा

लोक विचारतात, गाठ निघाली, आता काय? घरी आल्यावरच खरं एकटेपण सुरू झालं. दवाखान्यात निदान कुणीतरी डोळ्यांत बॅटरी मारायला यायचं. वैभव पाच दिवसांनी पुण्याला गेला. गाडी चालवायची नाही, उन्हात जायचं नाही, गोळी चुकवायची नाही. हात आधीपेक्षा दुबळा झाला होता. सूज उतरेल तसा सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही, असं म्हणाले.

व्यायाम शिकवणाऱ्या पोरानं सांगितल्याप्रमाणे शोभानं एका डब्यात ज्वारी भरली आणि त्यात वस्तू लपवल्या. बटण, सुपारी, लसणाची पाकळी, चावी, चिंचोका. डोळे मिटून उजवा हात आत घालायचा आणि बाहेर काढायच्या आधी नाव सांगायचं. दुपारी शोभा झोपायची. मी ओसरीत तो डबा घेऊन बसायचो. वरून विमान जायचं, समोरच्या रस्त्यानं कंपनीची बस जायची, आणि मी स्वतःशीच म्हणायचो, “सुपारी.” हात काढला की लसूण. ओरडायला समोर कुणी नव्हतं. ज्वारीला काय म्हणणार, तू बदललं?

त्या डब्यानं मला जे शिकवलं ते असं. रोज चाळीस वेळा चुकलो तरी मला प्रत्येक वेळी खात्री असायची. चुकताना माणसाला शंका येत नाही. पाचोडलाही मला शंका आली नव्हती. मी खोटं बोललो नव्हतो. पण रशीदही नव्हता बोलला. दोघंही खरे असताना एकाचं नाव गेलं, आणि ते मी घालवलं.

चौथ्या महिन्यात सुपारी आणि लसूण वेगळे कळायला लागले. बटण आणि चिंचोका अजून कळत नाहीत. सहीही जमायला लागली, जरा वाकडी. एका शनिवारी शोभाला म्हणालो, “उद्या पाचोडचा बाजार आहे.”

ती म्हणाली, “पंचा धुऊन ठेवलाय.”

बाजार

एसटीनं गेलो. चाळीस वर्षांत मी त्या बाजारात हातात दावं किंवा खिशात गिऱ्हाईक असल्याशिवाय गेलो नव्हतो. डोक्यावर टोपी, टोपीखाली नवे केस आणि त्यातून गेलेली आडवी खूण. लोकांनी रामराम केला, आणि केल्यावर बाजूला झाले. आजारी माणसाशी काय बोलावं ते कुणाला कळत नाही. मलाही कळलं नसतं.

रशीद चिंचेखाली उभा होता, दोन म्हशींजवळ. एकटाच. दाढी पांढरी झाली होती. मला बघितलं, म्हशीच्या पाठीवरची माशी उडवली.

“सलाम, आप्पा.”

“सलाम.”

“सुना मैंने. डोक्याचं.”

“व्हय. गाठ होती. काढली.”

“अब ठीक?”

“ठीक.”

एवढ्यावर बोलणं संपलं. घरून मी बरंच ठरवून आलो होतो. माफीचं बोलायचं होतं, दवाखान्याचं सांगायचं होतं, गाठीचं वय सांगायचं होतं. तोंडातून काही येईना. गुरुजींचं काय होत असायचं ते तेव्हा मला जरा कळलं. मग मी खांद्यावरचा पंचा काढला, उजवा हात पुढं केला आणि त्यावर पंचा टाकला.

रशीद हाताकडे बघत राहिला. “कौनसा जानवर, आप्पा? गिऱ्हाईक कुठंय?”

“गिऱ्हाईक नाय. तू धर.”

आजूबाजूचे बघायला लागले. तो हात देणार नाही असं मला वाटलं, आणि न देण्याचा त्याला हक्क होता. मग पंच्याखाली त्याचा हात आला. तोच हात, अंगठ्याजवळ दाव्यानं पडलेला घट्टा. त्यानं बोटं धरली. मी डोळे मिटले. ज्वारीच्या डब्यात शोधतो तसं शोधलं. तीन वाटली. परत शोधलं. मग चार वाटली, मग परत तीन.

चाळीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. “रशीदभाई, मला कळत नाय. किती धरलीस ते मला कळत नाय. गाठ तिथंच होती, बोटांच्या जागेवर. तवाबी कळत नव्हतं. मी उगंच…”



“कब से थी वो गाठ?” त्यानं विचारलं.

“तवापासून. त्याच्या आधीपासून.”

त्याचा हात तसाच होता. “दो साल, आप्पा,” तो हळू म्हणाला. “दो साल किसी ने मेरे हाथ पे कपडा नै डाला. माझी सून विचारायची, अब्बा, तुमने सच में पैसा खाया क्या?”

याला घासाघीस नव्हती.

मग त्यानं दुसऱ्या हातानं पंचा धरला आणि ओढून काढला. भर बाजारात, सगळ्यांसमोर. कुणीतरी “अरे अरे” म्हणालं. आमचे हात उघडे पडले. मी बघितलं. त्यानं माझी चार बोटं धरलेली होती.

“उस दिन भी ऐसेच था,” तो म्हणाला. “गिन लो.”

मी डाव्या हाताच्या बोटानं एकेक करून मोजली. मोठ्यानं मोजली, उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

रशीदनं हात सोडला आणि पंचा स्वतःच्या खांद्यावर टाकला. कन्नडकडचं एक गिऱ्हाईक येऊन म्हशीचे दात बघत होतं, तो तिकडे वळला आणि त्याच्याशी बोलायला लागला. मला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी थोडा वेळ तिथं उभा राहिलो, मग स्टँडकडे निघालो. बसमध्ये बसल्यावर खांदा रिकामा लागला. पंचा त्याच्या खांद्यावर राहिला होता. मी परत मागायला गेलो नाही.